पाटीवरचें अक्षर

वाचनालयाची पायरी कधीं न चढणारा मनुष्यहि बाजारांतून जातांना शेंदोनशें शब्द सहज वाचून जातो. ते शब्द दुकानांच्या पाट्यांवरचे असतात. किराणा, कापड, औषधें, बीं-बियाणें, भांडीं, असें हें उघड्यावरचें वाचनालय असून त्यास वर्गणी नाहीं आणि सुटीहि नाहीं. त्याची भाषा कोणती असावी, याचा निकाल महाराष्ट्र सरकारनें २०२२ सालीं लावला. दुकानाची पाटी मराठींत व देवनागरी लिपींत असली पाहिजे आणि हीं अक्षरें पाटीवरील दुसऱ्या कोणत्याहि लिपीच्या अक्षरांहून लहान असतां कामा नयेत, असें कायद्यांत आलें. मुंबईच्या व्यापाऱ्यांचें गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, तेव्हां न्यायालयानेंहि २०२३ च्या सप्टेंबरांत त्यांस दोन महिन्यांच्या आंत पाट्या लावण्यास सांगितलें.

कायद्यानें अक्षराची उंची ठरविली हें योग्यच झालें. परंतु अक्षराचें शील कोणता कायदा ठरविणार? मनुष्य उंच आहे म्हणून तो थोर ठरत नाहीं. तीच गोष्ट अक्षराची. तें वाचकाच्या डोळ्यांस सुखावह आहे काय, आपल्या भाषेच्या वळणाचें आहे काय, आणि ज्या दुकानावर तें उभें आहे त्या दुकानाविषयीं खरें बोलतें काय, हे प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचे आहेत. त्यांचीं उत्तरें अक्षर घडविणाऱ्यानेंच द्यावयाचीं असतात. म्हणून या महिन्यांत, अक्षरें घडविण्याचाच उद्योग पत्करलेल्या मुंबईच्या एका लहानशा मंडळीविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही मंडळी आमच्यापासून दूर खरी. परंतु तिच्या उद्योगाचा धागा बीड जिल्ह्यांतील गल्लीबोळापर्यंत येऊन पोंचला आहे, आणि वाचकांच्या घरांतील एखाद्या मुलामुलीच्या भवितव्यापर्यंतहि तो पोंचूं शकेल.

आधीं रोग पाहूं, मग वैद्याकडे जाऊं. पूर्वीं पाटी रंगविणारा पेंटर गांवोगांवीं असे. तो खडूनें रेघा आंखून घेई, कुंचल्यानें अक्षर काढी, आणि 'ज्ञ' कसा काढावा हें न सुचल्यास शाळेंत येऊन विचारून जाई. पुढें फ्लेक्सचें यंत्र आलें. काम स्वस्त झालें, घटकाभरांत होऊं लागलें, आणि पेंटरचा कुंचला वाळून गेला. आतां अक्षर कोणी काढीत नाहीं. संगणकांत जें असेल तें उचलून ठेवतात. त्यामुळें जोडाक्षरें मोडून पडलेलीं, वेलांटी एकीकडे व रफार दुसरीकडे, आणि मराठी 'ल'च्या जागीं हिंदी वळणाचा 'ल', असे प्रकार पदोपदीं आढळतात. वाचकांस ठाऊक असेलच कीं, मराठीचा 'ल' दोन पाकळ्यांचा आहे. उभ्या दंडाचा 'ल' हें हिंदीचें वळण. 'श'चीहि तीच कथा. महाराष्ट्र सरकारनें २००९ सालीं वर्णमालेचें प्रमाण रूप ठरवितांना पाकळीचाच 'ल' मराठीचा म्हणून सांगितला. तथापि पाट्यांस ती वार्ता अद्याप कळलेली दिसत नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गांवीं फ्लेक्स छापण्याचें दुकान चालवितो. त्याच्यापाशीं आम्हीं हें गाऱ्हाणें मांडलें, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, संगणकात जी अक्षरं आहेत तीच मी देतो. गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत बोर्ड पाहिजे असतो. 'ल' मराठी का हिंदी, हे आजपर्यंत एकानंही विचारलं नाही." त्याच्या बोलण्यांत उर्मटपणा नव्हता आणि खोटेंहि कांहीं नव्हतें. भांड्यांत जें शिजलें असेल तेंच वाढप्यानें वाढावयाचें. मग प्रश्न असा उरतो कीं, भांड्यांत शिजवितो कोण?

येथें कोणी वडीलधारे गृहस्थ म्हणतील कीं, अर्थ समजल्याशीं कारण; अक्षराच्या रूपाची एवढी चिकित्सा कशास? त्यांस आम्ही दूर नेत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील अंबाजोगाईसच नेतों. तेथें दासोपंतांची पासोडी जतन करून ठेविली आहे. दासोपंत (१५५१–१६१५) यांनीं सुमारें २४ हात लांब व अडीच हात रुंद अशा त्या वस्त्रावर पंचीकरण हा वेदान्ताचा विषय लिहून काढला. पंचीकरण म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाची उपपत्ति. प्रत्येक भूतांत अर्धा भाग त्याचा स्वतःचा, आणि उरलेल्या अर्ध्यांत इतर चारांचा प्रत्येकीं आठवा हिस्सा. ही वांटणी तोंडानें सांगूं लागल्यास चांगला विद्यार्थीहि गोंधळतो. तीच आंखून दाखविली तर लहान मुलासहि समजते. म्हणून त्या वस्त्रावर ओव्यांच्या जोडीला आकृतीहि आहेत. काय सांगावयाचें, तें कोणास सांगावयाचें, आणि तें एका दृष्टिक्षेपांत त्याच्या मनांत कसें उतरेल, हा विचार करून केलेली मांडणी, यालाच आज 'डिझाइन' म्हणतात. शब्द नवा आहे. विद्या आमच्या जिल्ह्यांत चारशें वर्षांची जुनी आहे.

दुसरें उदाहरण संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचें आहे. जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) हे मुंबईंतील गरिबीच्या घरांत जन्मलेले, शाळेचें शिक्षण बेताचेंच. मिशनच्या छापखान्यांत ते टाईप पाडण्याचें काम शिकले, १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा टाईपाचा कारखाना काढला आणि १८६९ च्या सुमारास निर्णयसागर छापखाना उभा केला. त्यांस राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी सोबती मिळाला. त्या काळीं पोलादी कांबीच्या टोंकावर उलटें अक्षर कोरीत, तो ठसा तांब्यांत उठवून त्याचा सांचा करीत, आणि त्या सांच्यांत शिशाचा रस ओतून खिळे पाडीत. एक अक्षर बिघडलें कीं आठवड्याची मेहनत वायां जाई. त्या खिळ्यांनींच पुढें १८८६ पासून 'काव्यमाले'चे ग्रंथ छापून निघूं लागले. 'निर्णयसागरची प्रत' एवढें म्हटलें कीं अक्षर सुबक आणि पाठ शुद्ध, असा विश्वास काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या पंडितांस वाटे.

हा विश्वास म्हणजेच हल्लीं ज्यास 'ब्रँड' म्हणतात ती वस्तु. इंग्रजींत या शब्दाचा एक जुना अर्थ तापल्या लोखंडानें जनावरास दिलेला डाग असा आहे. हें जनावर कोणाचें, हें ओळखण्यासाठीं तो देत. परंतु डागानें मालकी कळते, गुण कळत नाहीं. जावजींनीं आपल्या नांवास दुसरा अर्थ दिला. त्यांचें नांव पाहिलें कीं तें मालकी सांगत नसे, जबाबदारी सांगे. बोधचिन्ह म्हणजे दुकानदारानें लोकांसमोर घेतलेली शपथ होय, असें आम्ही समजतों. शपथेचे शब्द सुंदर असावेतच. पण ती पाळली न गेल्यास सौंदर्यानें तिचा खोटेपणा अधिकच उघडा पडतो.

शिशाचे खिळे जाऊन संगणक आला, तेव्हां हीच परंपरा नव्या घरांत आणणारे थोर कारागीर म्हणजे र. कृ. जोशी (१९३६–२००८). ते कवि, सुलेखनकार, आणि जाहिरातीच्या धंद्यांत मुरलेले चित्रकार होते; पुढें पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रांत त्यांनीं अध्यापन केलें. विंडोज प्रणाली असलेल्या संगणकावर मराठी उमटवितांना ज्या 'मंगल' नांवाच्या फॉन्टची गांठ पडते, तो त्यांच्या हातचा. पोस्टाच्या अर्जापासून शाळेच्या निकालपत्रापर्यंत त्यांचें अक्षर घरोघर गेलें; त्यांचें नांव मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे.

आतां मूळ मंडळीकडे वळूं. सारंग कुलकर्णी हे मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेंत शिकलेले अक्षरकार. त्यांचा 'व्हाईटक्रो' नांवाचा लहानसा स्टुडिओ आहे. व्यवसायांस त्यांचें चिन्ह, अक्षर व एकंदर रूप घडवून देणें हें तेथील काम. पांढरा कावळा म्हणजे आमच्या शास्त्र्यांच्या भाषेंत आकाशपुष्पाचा किंवा सशाच्या शिंगाचा भाऊच. जें सहसा दृष्टीस पडत नाहीं तें. ज्याचें काम गर्दींत वेगळें दिसणें, त्यानें हें नांव घ्यावें यांत मौज आहे आणि औचित्यहि आहे. गिरीश दळवी हे पवईच्या त्याच अभिकल्प केंद्रांतील प्राध्यापक. देवनागरी अक्षराच्या घडणीचा शास्त्रीय अभ्यास हा त्यांचा विषय. हे दोघे, नूपुर दात्ये आणि आणखी कांहीं अक्षरकार यांनीं मिळून २०१३ सालीं 'एक टाईप' ही मंडळी उभी केली. तिच्यांत मैथिली शिंगरे यांच्यासारख्या स्त्रियांचा वांटा मोठा आहे, हें आमच्या वाचक-भगिनींनीं विशेष ध्यानांत घ्यावें.

या मंडळीचें तत्त्वज्ञान कोणतें, असें विचाराल तर तें त्यांच्या कामांतच वाचावें. त्यांचा 'मुक्ता' हा फॉन्ट पाहा. त्यांत नखरा नाहीं. लहान आकारांतहि तो स्वच्छ वाचतां येतो, आणि वाचणाऱ्याचें लक्ष अक्षराकडे न जातां अर्थाकडे जातें. उत्तम सेवकाचें लक्षण हेंच. 'मोदक' हें त्याचें उलट टोंक. त्यांतील अक्षरें इतकीं लठ्ठ कीं आंतील पोकळी केवळ चिरेएवढी उरली आहे, तरीहि अक्षर ओळखूं येतें. ग्रंथ छापण्यास तो निरुपयोगी. मिठाईच्या दुकानास तोच शोभेल. 'जैनी' हा फॉन्ट १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतील वळणावरून घडविलेला आहे. ज्या बोरूची शाई वाळून पांचशें वर्षें झालीं, त्याचें वळण आज एखाद्या शाळकरी मुलीस आपल्या संगणकावर उमटवितां येतें. तीन कामें, तीन स्वभाव; प्रत्येक ठिकाणीं कारागिरानें स्वतःची हौस मागें ठेवून कामाची गरज पुढें केली आहे.

या उद्योगांतील कष्टांची कल्पना बाहेरच्यास सहसा येत नाहीं. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांचीं लहान व मोठीं रूपें काढलीं कीं मुख्य काम संपतें. देवनागरीचें तसें नाहीं. स्वर, व्यंजनें, काना-मात्रा, रफार, अर्धीं अक्षरें आणि क्ष, ज्ञ, द्ध, ह्म, ष्ट्र यांसारखीं जोडाक्षरें मिळून शेंकडों आकृति घडवाव्या लागतात. वेलांटीची कमान अरुंद 'र'वर बसली पाहिजे आणि रुंद 'क्ष'वरहि. शिरोरेघ एका अक्षरावरून दुसऱ्यावर जातांना केंसभरहि तुटतां कामा नये. हे सर्व जुळूं लागलें म्हणजे वाचकास कांहींच जाणवत नाहीं, आणि तेंच कारागिराचें यश. संधि नीट साधला तर तो ऐकणाऱ्यास खटकत नाहीं, तसेंच हें.

त्यांच्या कामांतील सर्वांत मनोहर गोष्ट 'बालू'ची. हा एक गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याचा फॉन्ट. तो प्रथम देवनागरींत घडला. परंतु तेवढ्यावर न थांबतां त्यास निरनिराळ्या लिपींत भाऊ मिळाले, आणि प्रत्येकाचें नांव त्या त्या भाषेंतील भावाच्या हांकेवरून ठेवलें. गुजरातींत तो 'बालू भाई', ओडियांत 'बालू भैना', बंगालींत 'बालू दा', गुरुमुखींत 'बालू पाजी', मल्याळींत 'बालू चेट्टन', कन्नडांत 'बालू तम्मा', तेलुगूंत 'बालू तम्मुडू', तामिळींत 'बालू तंबी', आणि उर्दूंत 'बालू भाईजान'. कोणी थोरला, कोणी धाकटा, घर एक. देवनागरीचा सांचा दुसऱ्यावर लादला असता तर काम लौकर उरकलें असतें. तसें न करितां प्रत्येक लिपीचें अंगचें वळण राखून हें कुटुंबसाम्य साधलें आहे. आमच्या जिल्ह्यास या गोष्टीचें विशेष मोल वाटावें. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि दरबारची भाषा उर्दू होती. जुन्या घरांच्या पेट्यांत उर्दू कागद अजून सांपडतात. एकाच बाजारांत नांदणाऱ्या दोन लिपी भावाभावांसारख्या शेजारीं बसाव्या, ही योजना आम्हांस राजकारणाच्या अनेक व्याख्यानांहून अधिक सुज्ञ वाटते. पुढें २०२२ सालीं याच मंडळीनें नऊ भारतीय लिपी व रोमन मिळून 'अनेक' नांवाचें दुसरें कुटुंब प्रसिद्ध केलें. मंडळीचें नांव 'एक' आणि कृतीचें नांव 'अनेक'! वेदान्त शिकलेल्यास यावर भाष्य नको.

मुक्ता, बालू, मोदक हे फॉन्ट मुक्त परवान्यानें लोकांस दिलेले आहेत. ते कोणीहि फुकट उतरवून घ्यावेत, वापरावेत, त्यांत फेरफारहि करावेत. अट एवढीच कीं, नुसता फॉन्ट वेगळा विकूं नये, आणि फेरफार करून पुढें द्यावयाचा तर तोहि त्याच मुक्त परवान्यानें द्यावा. उन्हाळ्यांत वाटेवर पाणपोई घालावी आणि पाणी पिणाऱ्याची जात किंवा खिसा विचारूं नये, तसें हें विद्यादान आहे. मग या लोकांचें पोट कसें भरतें? तर व्यवसायांसाठीं दाम घेऊन चिन्हें व अक्षरें घडविणें, हें कामहि ते करितात. एका हातानें मिळवावें व दुसऱ्यानें वांटावें, हा गृहस्थाश्रमाचा जुनाच धर्म आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं हे फॉन्ट सांगितले, तेव्हां त्यानें ते त्याच दिवशीं उतरवून घेतले. पुढें शेवया-पापड विकणारी एक विधवा बाई पुडीवरची चिठ्ठी करून घेण्यास त्याच्याकडे आली. तिला पुडीवर आपल्या सासूचें नांव हवें होतें. कारण कृति सासूची. आधींच्या चिठ्ठीवर त्या नांवांतील जोडाक्षर फुटून निराळाच शब्द वाचला जाई, आणि तिला त्याची लाज वाटे. नव्या चिठ्ठींत रंग दोनच होते, नांव स्वच्छ होतें. बाईनें तें दोनदां वाचलें आणि म्हणाली, "आता मीठ कमी-जास्त करून चालायचं नाही. आत्याबाईंचं नाव आहे." बोधचिन्हाचें याहून चांगलें भाष्य आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं.

नांवाची शपथ व्यक्तीनें घ्यावी तशी मुलुखानेंहि घ्यावी लागते. बालाघाटाच्या डोंगरांतील बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हें चिन्ह कोणा एकाच्या मालकीचें नाहीं; त्यावर जिल्ह्यांतील सर्व उत्पादकांचा हक्क आणि म्हणूनच सर्वांची जबाबदारी. एकानें हिरवें, कच्चें फळ टोपलीच्या तळाशीं घातलें तर नांव सर्वांचें जातें. अशा नांवास साजेसें अक्षर, साजेशी पेटी आणि साजेशी चिठ्ठी करून देणारे हात जिल्ह्यांतच तयार झाले पाहिजेत.

आणि येथें आम्ही आमच्या वाचकांच्या घराशीं येऊन पोंचलों. आपल्या घरांतून चित्रकलेस मान नाहीं असें नाहीं. पण तो मान दिवाणखान्यांतील चौकटीपुरता असतो. मुलगी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा उत्तम श्रेणींत उतरली म्हणजे आपण पेढे वांटतों, आणि दुसऱ्याच दिवशीं तिच्या हातांतील कुंचला काढून घेऊन वैद्यकाच्या किंवा अभियांत्रिकीच्या शिकवणीस तिला बसवितों. आईबापांची धास्ती खोटी नाहीं. या धंद्यांत आरंभीं प्राप्ति थोडी, उमेदवारी लांब, आणि नांव तर बहुधा होतच नाहीं. तथापि सर्वच मुलें एका दारांत दाटी करीत असतां, ज्याच्या हातांत ईश्वरानें वळण दिलें आहे त्यास दुसरें दार दाखविणें हें शहाणपणाचेंच आहे. मुंबईच्या ज. जी. कलाशाळेंत व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ सालीं सुरू झाला. म्हणजे ही विद्या कालपरवांची नव्हे. संस्कृत आणि मराठी शुद्ध जाणणारा, जोडाक्षराची घडण समजणारा, आणि वर संगणकहि चालविणारा अक्षरकार आज हवा आहे. अशी तयारी करून देण्यास आपल्या घरांहून योग्य जागा कोणती? मराठीस २०२४ च्या ऑक्टोबरांत अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपणांस अभिमान वाटतो. त्या अभिजात भाषेस नीटस वेश देणारा कारागीर आपल्या घरांतून निघाला, तर अभिमानास आधार येईल.

ज्यांच्या घरीं असें मूल नाहीं, त्यांनाहि करण्यासारखें थोडें आहे. पाटी, लग्नपत्रिका किंवा पुडीवरची चिठ्ठी छापावयास देतांना मजकूर आपल्या डोळ्यांखालून घालावा. 'ल' पाकळीचा आहे काय, जोडाक्षर अखंड आहे काय, वेलांटी आपल्याच अक्षरावर आहे काय, एवढें पाहावें. पांच रंग आणि सात तऱ्हांचीं अक्षरें यांचा मोह टाळावा. नांवाभोंवतीं मोकळी जागा सोडावी, म्हणजे तें न ओरडतां ऐकूं येतें. आणि छापणारा 'कोणी विचारीत नाहीं' असें म्हणाला, तर निदान आपण तरी विचारावें. गिऱ्हाईक विचारूं लागलें म्हणजे दुकानदार शोधूं लागतो, आणि दुकानदार शोधूं लागला म्हणजे कारागिरास काम मिळतें. कायद्यानें पाटीवर मराठीस जागा करून दिली आहे. त्या जागेवर तिला नीट बसविणें आतां आपल्याकडे आहे.